सॉफ्टवेअरची रसद

जानेवारी १७७९. मुंबईहून निघालेली कंपनीची फौज बोरघाट चढून मावळात शिरली होती. कार्ल्याजवळ कॅप्टन स्टुअर्ट, म्हणजे आपला 'इष्टुर फाकडा', पडला. तरी फौज पुढे सरकत ९ तारखेला तळेगावात पोचली. गाव जळालेलं आणि रिकामं होतं. माणसांना धान्य नाही, बैलांना वैरण नाही आणि पाठीवर मराठ्यांचं घोडदळ. दोन दिवसांनी जड तोफा तळ्यात ढकलून फौज रातोरात मागे फिरली, वडगावला कोंडली गेली आणि १६ जानेवारीला तह करून सुटली. रसद तुटली तेव्हाच निकाल लागला होता.

त्याच तळेगावाच्या वेशीवर आज सोमाटणे फाटा आहे. एका अंगाला जुना मुंबई-पुणे रस्ता आणि टोलनाका, दुसऱ्या अंगाला द्रुतगती मार्ग. सकाळी इथे पाठीवर लॅपटॉपच्या बॅगा अडकवलेली मुलंमुली हिंजवडी आयटी पार्कच्या गाडीची वाट बघत उभी असतात. कुणी बँकेचं अ‍ॅप लिहितं, कुणी दवाखान्याच्या हिशोबाचं सॉफ्टवेअर. या कामालाही रसद लागते आणि ती दोन प्रकारची असते. एक अवजारं: प्रोग्रॅम लिहायचा एडिटर, तो यंत्राच्या भाषेत उतरवणारा कम्पायलर, चूक शोधणारा डीबगर. दुसरी कागदपत्रं: कोणती आज्ञा काय करते, तिला काय द्यायचं, ती परत काय देते, हे सांगणारं मॅन्युअल. अवजार आहे पण मॅन्युअल नाही, म्हणजे तोफ आहे पण दारू कुठे भरायची ते ठाऊक नाही.

आज ही रसद फोनवर फुकट येते. पन्नास वर्षांपूर्वी ती मिळवणं हेच निम्मं काम होतं. ती पुण्याकडे कोणत्या वाटेने आली, कुठे अडली आणि त्या अडण्यातून इथल्या सॉफ्टवेअरला कसा आकार आला, त्याची ही हकीकत.

मॅन्युअल जिथे, माणूस तिथे

१९७८ साली आयबीएमने भारतातून गाशा गुंडाळला. परकीय भागभांडवलावर मर्यादा घालणाऱ्या कायद्यापुढे झुकायची कंपनीची तयारी नव्हती. संगणक आयात करायचा तर परवाना लागे आणि परवान्यासाठी दिल्लीला खेटे. यंत्रं मोजक्या ठिकाणी होती: मुंबईची टाटा मूलभूत संशोधन संस्था, आयआयटी, बँका, मोठे कारखाने. मॅन्युअल यंत्राबरोबरच येत. जाडजूड रिंग-बाइंडरमध्ये अडकवलेली, दुकानात न मिळणारी. यंत्रावर बसायची परवानगी असेल त्यालाच ती चाळायला मिळत.

या टंचाईचं ठळक उदाहरण पुण्यातच घडलं. जुलै १९८१ मध्ये सात जणांनी मिळून इन्फोसिस काढली. नारायण मूर्तींनी सुधा मूर्तींकडून उसने घेतलेले १०,००० रुपये हे भांडवल. सॉफ्टवेअरच्या या कंपनीकडे स्वतःचा संगणक नव्हता. मग काम करायचं कुठे? जिथे यंत्र आहे तिथे, म्हणजे अमेरिकेत गिऱ्हाइकाच्या कचेरीत. दोन वर्षांनी कंपनी बंगळुरूला गेली.

भारतीय सॉफ्टवेअर म्हणजे परदेशात माणसं पाठवण्याचा धंदा, अशी टीका पुढे बरीच वर्षं झाली. स्वस्त मनुष्यबळ हे त्याचं एक कारण होतंच. दुसरं साधं कारण असं की यंत्र आणि त्याची कागदपत्रं इथे येऊ शकत नव्हती, म्हणून माणूस तिकडे जात होता.

फ्लॉपी दोन मिनिटांत, पुस्तक दोन दिवसांत

नोव्हेंबर १९८४ मध्ये राजीव गांधी सरकारने नवं संगणक धोरण आणलं. आयातीची बंधनं सैलावली, जकात उतरली. १९८६ च्या धोरणाने सॉफ्टवेअरच्या आयातीचा आणि निर्यातीचा रस्ता आणखी मोकळा केला. आयबीएमच्या पीसीच्या बरहुकूम जोडलेली यंत्रं दिसू लागली. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर आणि पुण्यात बुधवार पेठेच्या गल्ल्यांत सुटे भाग मिळू लागले. संगणक टेबलावर आला आणि पहिल्यांदाच एकट्यादुकट्याला प्रोग्रॅम लिहिणं परवडेल असं वाटू लागलं.

त्या काळातलं लाडकं अवजार म्हणजे बोरलँड कंपनीचं टर्बो सी. ते १९८७ साली बाजारात आलं. त्याचं ओळखीचं रूप पुढच्या आवृत्त्यांत आलं: निळा पडदा, वर पांढरी पट्टी, आत पिवळी अक्षरं. एडिटर, कम्पायलर, डीबगर सगळं एकाच खिडकीत. हा प्रोग्रॅम दोनचार फ्लॉप्यांवर मावत असे आणि फ्लॉपीची नक्कल दोन मिनिटांत होत असे. खरं सांगायचं तर तेव्हा मराठी मुलखातल्या फार थोड्या लोकांनी तो विकत घेतला. मित्राच्या मित्राकडून, कॉलेजच्या लॅबमधून, क्लासमधून तो हातोहात पसरला.

फ्लॉपीची नक्कल व्हायची, तिच्याबरोबरच्या मॅन्युअलची नाही. मूळ खोक्यात असलेली शेकडो पानांची छापील पुस्तकं फ्लॉपीबरोबर येत नसत. एखाद्याकडे ती असलीच, तर झेरॉक्सवाल्याकडे दोन दिवस ठेवायची, पानामागे पैसे मोजायचे आणि प्लॅस्टिकच्या स्पायरलमध्ये बांधून घ्यायची. झेरॉक्सच्या झेरॉक्सवर कंसातला स्वल्पविराम आहे की अर्धविराम, ते कळेनासं होई, आणि सी भाषेत तेवढ्यावर प्रोग्रॅम अडतो. अवजार फुकट आणि पुस्तक महाग, असा तो उलटा व्यवहार होता.

ती पोकळी ज्यांनी भरली, त्यांत नागपूरचे यशवंत कानेटकर सगळ्यात पुढे. व्हीजेटीआय आणि आयआयटी कानपूरला शिकलेल्या कानेटकरांचं 'लेट अस सी' दिल्लीच्या बीपीबीने छापलं आणि अभियांत्रिकीच्या मुलांच्या दप्तरात ते कायमचं जाऊन बसलं. कागद स्वस्त, किंमत विद्यार्थ्याला झेपेल अशी. इंग्रजीही साधी, वर्गात सर बोलतात तशी. आधी चार ओळींचा प्रोग्रॅम, मग तो चालवल्यावर पडद्यावर काय उमटतं, मग ते तसंच का उमटतं. परदेशी मॅन्युअल गृहीत धरायचं की वाचकाला संगणक म्हणजे काय ते ठाऊक आहे. कानेटकर गृहीत धरत की वाचकाला आठवड्यातून तासभरच संगणक मिळतो, म्हणून पडद्यावरचं उत्तरही ते पुस्तकातच छापत. मशीन नसताना प्रोग्रॅमिंग शिकवणारं पुस्तक होतं ते.

आप्पा बळवंत चौकात जून-जुलैत अशा पुस्तकांसाठी झुंबड उडे. लोणावळा लोकलने तळेगाव, वडगाव, कामशेतची मुलं शिवाजीनगरला उतरत, चौकापर्यंत पायी जात, नवं परवडलं नाही तर जुनं घेत. जुन्या प्रतीत आधीच्या मालकाने पेन्सिलीने लिहिलेली उत्तरं असत. काही वेळा 'हे इंटरव्ह्यूला विचारतात' अशी मराठीतली सूचनाही. ही समासातली पेन्सिल लक्षात ठेवावी. पुढे तिचं काम आहे.

मंगळवार पेठेतलं दुकान

पुस्तकात असेल तेवढंच करता येतं, असं म्हणायची सोय मात्र उरली नाही. त्याला कारण झाला व्हायरस.

सातारा जिल्ह्यातल्या रहिमतपूरचे कैलास काटकर यांचं शिक्षण शाळेतच सुटलं होतं. पुण्यात ते कॅल्क्युलेटर दुरुस्त करायला शिकले आणि पुढे मंगळवार पेठेत स्वतःचं दुरुस्तीचं दुकान थाटलं. संगणक आले तसे तेही दुरुस्तीला येऊ लागले आणि त्यांतल्या बऱ्याच यंत्रांना झालेलं दुखणं सोल्डरिंगने बरं होण्यातलं नव्हतं. फ्लॉपीवरून फ्लॉपीवर जसं टर्बो सी फिरत होतं, तसाच व्हायरसही फिरत होता. मायकेलअँजेलो नावाच्या व्हायरसने तर ६ मार्च १९९२ या तारखेची जगभर धास्ती घातली होती. कैलास यांचे धाकटे भाऊ संजय संगणकशास्त्र शिकत होते. गिऱ्हाइकाचं यंत्र साफ करायला ते छोटे प्रोग्रॅम लिहू लागले. १९९३ मध्ये कॅट कॉम्प्युटर सर्व्हिसेस उभी राहिली, १९९०च्या दशकाच्या मध्यावर 'क्विक हील' बाजारात आलं आणि २०१६ मध्ये त्याच नावाची कंपनी शेअर बाजारात नोंदली गेली.

अँटिव्हायरस लिहिणं ही त्या काळी कागदपत्रांच्या टंचाईची सगळ्यात अवघड परीक्षा होती. पीसी चालवणारी ऑपरेटिंग सिस्टिम म्हणजे डॉस; तिच्या पोटात काय चालतं, ते मायक्रोसॉफ्टने सगळं सांगितलेलं नव्हतं. प्रोग्रॅमला फाइल उघडायची असली की तो डॉसला एका ठरावीक क्रमांकाने हाक मारतो, त्याला इंटरप्ट म्हणतात. काही हाका मॅन्युअलमध्ये छापलेल्या, काही मुद्दाम गाळलेल्या. व्हायरस लिहिणारे नेमक्या गाळलेल्या हाका वापरत. म्हणून जगभरच्या प्रोग्रॅमरांनी आपापल्या शोधांची बेरीज सुरू केली. राल्फ ब्राउन यांनी संकलित केलेली इंटरप्टांची यादी फुकट वाटली जाई. अँड्र्यू शुलमन आणि सहकाऱ्यांनी १९९० मध्ये 'अनडॉक्युमेंटेड डॉस' असं उघड नाव देऊन पुस्तकच काढलं.

एक अवजार मात्र डॉसच्या प्रत्येक फ्लॉपीवर पडून होतं, डीबग. ते सुरू केलं की काळ्या पडद्यावर फक्त एक आडवी रेघ उमटे. नमस्कार नाही, यादी नाही. 'डी' दाबलं की स्मृतीतले आकडे सोळा-सोळाच्या ओळींनी खाली उतरत, 'यू' दाबलं की त्याच आकड्यांच्या यंत्रभाषेतल्या आज्ञा दिसत. व्हायरस लागलेली फाइल त्यात उघडायची आणि एकेक आज्ञा वहीत उतरवत जायची: हा आधी स्वतःला स्मृतीत ठेवतो, मग फाइल उघडायच्या हाकेवर पहारा बसवतो, मग फाइलच्या शेपटीला चिकटतो. शत्रूचा प्रोग्रॅम हेच मॅन्युअल. ते ज्याला वाचता आलं, त्याला आप्पा बळवंत चौकात न मिळणारी विद्या मिळाली.

देवनागरीची आडवाट

याच सुमाराला पुण्यात दुसरा एक पेच सोडवला जात होता. संगणकाला मराठी कशी लिहायला लावायची?

मार्च १९८८ मध्ये पुण्यात सी-डॅकची स्थापना झाली. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली महासंगणक बांधायचा हा उद्देश, आणि १९९१ मध्ये 'परम ८०००' तयारही झाला. त्याबरोबरच आयआयटी कानपूरमध्ये सुरू झालेलं 'जिस्ट' हे भारतीय लिप्यांचं काम सी-डॅककडे आलं. मोहन तांबे हे या कामातलं महत्त्वाचं नाव.

त्यांच्यापुढची अडचण आजच्या प्रोग्रॅमरला चमत्कारिक वाटेल. कचेऱ्यांत वर्डस्टार, डीबेस, लोटस असे तयार प्रोग्रॅम चालत. ते फक्त इंग्रजी जाणत आणि त्यांचा मूळ कोड कुणी देणार नव्हतं. आत शिरता येत नाही, तर बाहेरून काय करता येईल? जिस्टच्या मंडळींनी पीसीत बसवायचं एक कार्डच तयार केलं. प्रोग्रॅम पडद्याकडे जे आकडे पाठवी, ते वाटेत कार्ड पकडे. १२७ पर्यंतचे आकडे इंग्रजी म्हणून सोडून देई, वरचे आकडे देवनागरी समजून जोडाक्षरं, वेलांट्या, रफार जुळवून चितारी. डीबेसला वाटे आपण नेहमीचेच आकडे पाठवतोय, आणि पडद्यावर तलाठ्याला हवी तशी नावं उमटत. दार बंद असेल तर अंगणात मांडव घालावा, तसं हे होतं.

त्यासाठी कोणता आकडा म्हणजे कोणतं अक्षर, हे आधी ठरवावं लागलं. ते ठरवणारं 'इस्की' मानक १९९१ मध्ये भारतीय मानक म्हणून प्रसिद्ध झालं. त्यात सामावलेल्या सगळ्या भारतीय लिप्यांच्या 'क'ला एकच आकडा होता, त्यामुळे देवनागरीतलं नाव कळ फिरवून तमिळ लिपीत दाखवता येई. त्याच वर्षी निघालेल्या युनिकोडच्या पहिल्या आवृत्तीत देवनागरीची मांडणी इस्कीच्या १९८८ च्या मसुद्यावरून घेतली होती. ही मानकं छापील आणि उघडी होती. कुणीही वाचावीत, त्याबरहुकूम लिहावं.

पण विंडोज आली तशी बाजाराने दुसरी वाट धरली. छपाईच्या धंद्याला आजच्या आज सुंदर अक्षरं हवी होती. पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकची 'श्री-लिपी' आणि तशीच इतर पॅकेजं घरोघरच्या डीटीपीवाल्यांकडे गेली. विंडोजला देवनागरीची जोडणी ठाऊक नव्हती, तेव्हा इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी अक्षरांचे तुकडे बसवायचे, हा त्यावरचा तोडगा. प्रत्येक पॅकेजची मांडणी निराळी. मराठी मासिकं, लग्नपत्रिका, पाठ्यपुस्तकं यांवर झपाट्याने छापली गेली, हे त्यांचं मोठं देणं. पण एका फाँटमध्ये लिहिलेला लेख दुसऱ्याच्या यंत्रावर उघडला की इंग्रजी अक्षरांची आणि चिन्हांची खिचडी दिसे. पुढची पंधरा-वीस वर्षं संपादक, टंकलेखक आणि प्रोग्रॅमर या खिचडीतून तांदूळ-डाळ निवडत बसले. त्या काळातला बराच मराठी मजकूर आजही शोधला तर सापडत नाही, कारण संगणकाच्या लेखी तो मराठीच नाही.

कोंडी फुटली २००० साली. विंडोज २००० मध्ये देवनागरीची सोय आतूनच आली आणि तिच्याबरोबर 'मंगल' हा फाँट आला. तो मुंबईच्या एनसीएसटी या संगणक-संशोधन संस्थेत काम करणारे सुलेखनकार र. कृ. जोशी यांनी घडवलेला. फाँटमध्ये जोडाक्षरांचे नियम कसे लिहायचे, ते सांगणारी ओपनटाइपची कागदपत्रं सगळ्यांना खुली होती. मुंबईत सुरू झालेल्या इंडलिनक्ससारख्या प्रकल्पांनी हेच काम लिनक्स या मुक्त ऑपरेटिंग सिस्टिमवर नेलं आणि २००४ मध्ये रेड हॅटने 'लोहित' फाँट मुक्त परवान्याखाली दिले. अडलेलं काम कागद उघडे होताच काही वर्षांत मार्गी लागलं.

तार आणि तबकडी

१५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमने सर्वसामान्यांसाठी इंटरनेट खुलं केलं. त्याआधी ते शिक्षणसंस्थांच्या 'अर्नेट'पुरतं होतं. कंपन्यांसाठी सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजी पार्कांच्या उपग्रह जोडण्या होत्या आणि अशा पहिल्या केंद्रांत पुणे होतं. आता माणसाला मॅन्युअलकडे जायची गरज उरली नाही. पुढे एमआयडीसीने हिंजवडीत आयटी पार्क उभारलं, द्रुतगती मार्ग २००२ मध्ये पूर्ण झाला आणि मावळच्या रस्त्यांवर कंपन्यांच्या बसगाड्या धावू लागल्या. त्यामागे माहितीची ही अदृश्य वाहतूक होती.

घरच्या विद्यार्थ्याला मात्र इंटरनेटची तार परवडत नव्हती. त्याच्यासाठी रसद आली तबकडीवरून. मायक्रोसॉफ्टची एमएसडीएन लायब्ररी सीडीवर येई आणि एका कंपनीतली सीडी दहा घरी फिरे. 'पीसीक्वेस्ट' मासिकाने १९९६ मध्ये अंकाबरोबर लिनक्सची सीडी दिली. अंकाच्या किमतीत आख्खी ऑपरेटिंग सिस्टिम, तिचे कम्पायलर आणि त्यांची 'मॅन' पानं, म्हणजे मॅन्युअल. डॉसच्या गाळलेल्या हाका शोधत बसलेल्या पिढीला हे नवलच होतं. इथे काही गाळलेलंच नव्हतं, मूळ कोडही समोर होता. पुण्यात लिनक्सवाल्यांचे गट जमले, सिंबायोसिसच्या संगणक संस्थेत 'ग्नूनिफाय' हा मेळावा भरू लागला.

जानेवारी १९९६ मध्ये सन कंपनीने जावाचं पहिलं विकाससाहित्य दिलं, तेही विनामूल्य. जावाने एक नवी शिस्त आणली. प्रोग्रॅम लिहितानाच त्यात ठरावीक पद्धतीने टिपा लिहायच्या, आणि 'जावाडॉक' त्या टिपांतून मॅन्युअल आपोआप तयार करणार. तोवर प्रोग्रॅम एक जण लिही आणि मॅन्युअल दुसरा. आता दोन्ही एकाच फाइलीत नांदू लागले.

पण पुढे हे जावाचं मॅन्युअल वीस-तीस एमबीचं झालं आणि फ्लॉपीत मावत होते १.४४. सायबर कॅफेत ते उतरवायचं, तुकडे करायचे, पंधरा-वीस फ्लॉप्यांवर घ्यायचे, घरी येऊन जोडायचे आणि तेराव्या फ्लॉपीवर कळायचं की ती खराब आहे. दुसऱ्या दिवशी पुन्हा कॅफे.

याच काळात महाराष्ट्राने मराठीतून संगणकशिक्षणाचा मोठा प्रयोग केला. २००१ मध्ये स्थापन झालेल्या महाराष्ट्र ज्ञान महामंडळाचा 'एमएस-सीआयटी' अभ्यासक्रम गावोगाव पोचला. मराठी पुस्तक, मराठी शिकवणी. लाखो लोक त्यातून संगणकाला सरावले. मात्र तो अभ्यासक्रम संगणक वापरायला शिकवणारा होता, प्रोग्रॅम बनवायला नव्हे. अच्युत गोडबोले यांचं 'संगणकयुग' हे पुस्तक संगणकाचं जग मराठीत समजावत होतं. पण कम्पायलर चूक दाखवतो तेव्हा शेजारी उघडून ठेवायचं मॅन्युअल मराठीत नव्हतंच. वापरणाऱ्यासाठी मराठी आणि बनवणाऱ्यासाठी इंग्रजी, ही वाटणी तेव्हाच पक्की झाली.

खिशातलं यंत्र

मोबाइलवर जावा चालू लागलं तेव्हा काही जणांनी हौसेने छोटे खेळ आणि शब्दकोश लिहून पाहिले. पण प्रत्येक फोनचा पडदा वेगळा, बटणं वेगळी. खरा पालट वर्षभराच्या आत झाला. नोव्हेंबर २००७ मध्ये गूगलने अँड्रॉइडचं विकाससाहित्य जाहीर केलं, मार्च २००८ मध्ये अ‍ॅपलने आयफोनचं, आणि सप्टेंबर २००८ मध्ये प्रोग्रॅमरांच्या प्रश्नोत्तरांचं स्टॅक ओव्हरफ्लो सुरू झालं.

दोन वाटांचा खर्च सारखा नव्हता. आयफोनसाठी लिहायचं तर मॅकच हवा, वर दरवर्षी ९९ डॉलर. अँड्रॉइडची अवजारं विंडोजवर, लिनक्सवर फुकट, दुकानात अ‍ॅप ठेवायचे एकदाच २५ डॉलर. मावळातल्या मुलाने कोणती वाट धरली असेल ते सांगायला नको. फुकट असली तरी ती सुखाची नव्हती. एक्लिप्स या एडिटरमध्ये अँड्रॉइडचा नकली फोन सुरू करायचा आणि तो जागा होईपर्यंत चहा पिऊन यायचं. एक्लिप्सच्या जागी २०१३ मध्ये अँड्रॉइड स्टुडिओ जाहीर झाला. तो चांगला होता, पण त्याला स्मृती इतकी लागे की जुना लॅपटॉप धापा टाकी.

मराठीची गंमत इथेही चुकली नाही. अँड्रॉइडच्या सुरुवातीच्या फोनांवर मराठी शब्दाच्या जागी रिकामे चौकोन दिसत. अक्षरं आली तरी वेलांटी भलतीकडे. म्हणून मराठी पंचांग किंवा भजनांचं अ‍ॅप काढणारे मजकुराची चित्रं करून डकवत. २०११ च्या अँड्रॉइड ४.० पासून देवनागरी हळूहळू नीट बसू लागली. जिस्टने ज्या पेचासाठी कार्ड बनवलं, तोच पेच वीस-बावीस वर्षांनी खिशात आला होता. या वेळी मानक तयार होतं, त्यामुळे तो कार्डाविना सुटला.

५ सप्टेंबर २०१६ ला जिओ सुरू झालं आणि डेटाची किंमत कोसळली. दहावीनंतर इंग्रजी परिच्छेदाला बिचकणारा मुलगा आता यूट्यूबवर पाहून अ‍ॅप बनवू लागला. त्याने वाचायचं मॅन्युअल वगळून थेट बघायच्या मॅन्युअलवर उडी घेतली.

त्याआधीच, याच गरजेवर पवईत पद्धतशीर काम सुरू झालं होतं. आयआयटी मुंबईत प्रा. कण्णन मौद्गल्य यांच्या पुढाकाराने, केंद्र सरकारच्या मदतीने 'स्पोकन ट्युटोरियल' प्रकल्प उभा राहिला. सी, जावा, पायथन, लिनक्स यांचे दहा-दहा मिनिटांचे धडे. पडद्यावरच्या आज्ञा इंग्रजीतच, कारण यंत्राला त्याच कळतात, पण आवाज मराठी. पडद्याचे दोन भाग करायचे, एकात धडा चालवायचा, दुसऱ्यात तेच स्वतः करायचं. सर शेजारी बसलेत अशी कल्पना. प्रत्येक धड्याची संहिता आधी लिहून, कोणत्या सेकंदाला कोणतं वाक्य ते नोंदवून, मग ती मराठीत आणून आवाज देतात.

शेवटचा टप्पा

आता हिशोब. अवजारं फुकट झाली, मॅन्युअल उघडी झाली आणि पुण्या-मुंबईबाहेर राहणाऱ्याची अडवणूक थांबली. ही कमाई थोडी नाही. कानेटकरांचं पुस्तक मिळवायला ज्याला लोकलचा पास लागे, त्याची मुलगी आज सोमाटण्यात घरी बसून जगातल्या कुणाही प्रोग्रॅमरचा कोड वाचू शकते.

तोटेही झाले. टंचाईने एक पिढी पुस्तक पहिल्या पानापासून वाचायला शिकली, डीबगच्या आडव्या रेघेपुढे रात्री काढायला शिकली. आजच्या सुकाळात उत्तर लगेच मिळतं आणि ते कोणत्या आवृत्तीचं आहे हे कळेपर्यंत दुपार जाते. तीन वर्षांपूर्वीचा व्हिडिओ बघून अ‍ॅप लिहिलं की ते चालत नाही, कारण मधल्या काळात अवजारच बदललेलं असतं. आता मॅन्युअल हवं तेवढं आहे, त्यातलं ताजं कुठलं ते ओळखणं अवघड झालं आहे.

आणि एक गोष्ट चाळीस वर्षांत बदललीच नाही. यंत्र, कम्पायलर, पुस्तक, तार, सगळी रसद बाहेरून इंग्रजीत आली. ती समजुतीपर्यंत नेण्याचा शेवटचा टप्पा मात्र दर वेळी कुणीतरी मराठीत पार पाडला: कॉलेजच्या लॅबमध्ये मागच्या बाकावरच्या सीनियरने, दुरुस्तीच्या दुकानातल्या भावाने, जुन्या पुस्तकाच्या समासातल्या पेन्सिलीने. "हे बघ, हा पॉइंटर म्हणजे घराचा पत्ता, घर नव्हे" हे वाक्य मराठी मुलखात किती वेळा बोललं गेलं असेल, त्याला गणती नाही. छापलं क्वचितच गेलं. इंग्रजी मॅन्युअल सगळ्यांची झाली, हे मराठी मॅन्युअल बोलणाऱ्याबरोबर विरलं. स्पोकन ट्युटोरियलसारखे प्रकल्प हे या तोंडी परंपरेला कागदावर आणि ध्वनीत पकडण्याच्या थोडक्या प्रयत्नांपैकी.

नोव्हेंबर २०२२ मध्ये चॅटजीपीटी आलं. त्याला प्रोग्रॅमिंगचा प्रश्न मराठीत विचारता येतो, ते मराठीत उत्तरही देतं. कधी छान, कधी इंग्रजी वाक्याला मराठी सदरा घातल्यासारखं. कारण उघड आहे. असं यंत्र लिहिलेल्यावरूनच शिकतं आणि आपण या विषयात मराठीत लिहिलं फार थोडं. लॅबमध्ये बोललो ते त्याच्या कानावर गेलंच नाही.

सोमाटणे फाट्यावर सकाळची गाडी उशिरा आली की दोघंतिघं एका फोनवर वाकतात. एकाचं अ‍ॅप उघडताच बंद पडतं. दुसरी पडद्यावरची लाल इंग्रजी ओळ वाचते आणि म्हणते, "अरे, यादी रिकामी आहे आणि तू तिच्यातला पहिला मागतोयस. नसलेल्या माणसाला हाक मारल्यासारखं आहे ते." त्याच्या डोक्यात प्रकाश पडतो. गाडी येते, दोघं चढतात. त्या चुकीबद्दल इंग्रजीत हजारो पानं आहेत. मराठीतलं हे एक वाक्य कुणीच टिपून घेतलेलं नसतं.